पावणेदोन हातांची लाइन

रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. हाताने मोजले तर जेमतेम पावणेदोन हात. एवढ्या रुंदीवर गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी छोटी लाइन शंभर वर्षांहून अधिक काळ सातपुडा चढत-उतरत राहिली. तिच्यातून गेलेल्या माणसाला विचारा. तो आधी जंगलाबद्दल बोलेल, मग वळणांबद्दल, मग शेवटच्या डब्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या इंजिनाबद्दल. हे सौंदर्य कुठून आले याचा माग काढत मागे जावे, तर हौशी प्रवासी कुठेच भेटत नाहीत. भेटतात दुष्काळी कामावरचे मजूर, मँगनीजचे व्यापारी आणि खर्चाला कात्री लावणारे हिशेबनीस. ही वाट देखणी झाली, कारण ती स्वस्तात बांधायची होती.

आधी वळणाचा हिशेब पाहू, कारण सगळे त्यात आहे. भारतीय रेल्वेच्या नियमांनुसार ब्रॉडगेजवरच्या सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटरच्या खाली जाऊ शकत नाही. अडीच फुटी रुळांना तीच मर्यादा ४४ मीटर आहे. रूळ जितके जवळ, तितका आतल्या आणि बाहेरच्या चाकाने कापायच्या अंतरातला फरक कमी, म्हणून गाडी अधिक आखूड जागेत वळू शकते. डोंगर आडवा आला की मोठ्या लाइनला तो फोडावा लागतो, बोगदा काढावा लागतो किंवा उंच भराव घालावा लागतो. छोटी लाइन त्याच्या पायथ्याने निघून जाते. त्यामुळे सुरुंगाचा, पुलांचा, मजुरीचा खर्च वाचतो आणि प्रवाशाला डोंगराची सगळी बाजू दिसते. कालका–सिमला मार्ग याच रुंदीचा आहे आणि या लाइनसारखा तोही १९०३ सालचाच. त्याला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. सातपुड्यातल्या त्याच्या समवयस्क लाइनचे नाव मात्र नागपूर-जबलपूरच्या पलीकडे फारसे कुणी घेतले नाही.

रेल्वे येण्यापूर्वीचा बालाघाट डोळ्यांपुढे आणायला हवा. हा जिल्हा १८६७ साली मंडला, सिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग जोडून झाला. खाली वैनगंगेचे भातखोरे, वर बैहर-परसवाड्याची पठारे, सालाची आणि सागाची राने, गोंड आणि बैगा वस्त्या. पठारावर नव्याने गावे बसवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या लक्ष्मण नाईकाला देतात. मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. लांजीचा किल्ला आजही तो काळ सांगतो. मालाची ने-आण बैलांच्या पाठीवर चाले. बंजाऱ्यांचे तांडे मीठ वर नेत आणि धान्य खाली आणत. विसावे शतक उजाडले तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात पक्की सडक होती अवघी १५ मैल.

बाहेरच्या जगाला मात्र हे डोंगर पुस्तकांतून ठाऊक झाले होते. मध्य प्रांताच्या वनखात्यात काम केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ मध्ये निघाले, रॉबर्ट स्टर्नडेलचे सिवनीच्या रानावरचे पुस्तक १८७७ मध्ये. पुढे किपलिंगने मोगलीला सिवनीच्याच रानात सोडले, १८९४ साली. मोगली जगभर पोचला तेव्हा सिवनीला रेल्वे नव्हती.

नकाशावर त्या वेळी दोन मोठ्या वाटा होत्या. उत्तरेला जबलपूर, जिथे मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले रूळ १८७० मध्ये जुळले. दक्षिणेला नागपूर–छत्तीसगडची मीटरगेज लाइन. ती १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने घेतली, ब्रॉडगेज केली आणि १८९१ पर्यंत आसनसोलशी जोडली. याच लाइनवरचे गोंदिया वाढू लागले. जबलपूर आणि गोंदिया यांच्यामध्ये सातपुडा आडवा पसरलेला होता आणि त्याच्या पोटातले मंडला, सिवनी, छिंदवाडा, बालाघाट हे चारही जिल्हे रुळांवाचून होते.

मोठी लाइन टाकण्याइतकी वाहतूक तिथे होईल, असे कुणालाच वाटत नव्हते. अशा मुलखासाठी काय करायचे याचा एक धडा तेव्हा महाराष्ट्रात गिरवला जात होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू केली, आधी बार्शी ते कुर्डुवाडी. त्याचा आग्रह असा, की गाडी लहान असली तरी ती खेळणे नव्हे. इंजिनाचे वजन जास्त आसांवर वाटा, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ देऊ नका, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. बार्शीची कंपनी लहान आणि सातपुड्यातली लाइन टाकणारी बंगाल नागपूर रेल्वे बलाढ्य, त्यामुळे या दोघींना सख्ख्या बहिणी म्हणणार नाही. पण वऱ्हाडातली शकुंतला रेल्वे, बार्शी आणि सातपुड्याची छोटी लाइन या तिघी एकाच पिढीतल्या, एकाच रुंदीच्या आणि एकाच काटकसरीतून आलेल्या आहेत.

आणि मग दुष्काळ आला. या लाइनच्या इतिहासातला हा भाग सर्वांत कमी सांगितला जातो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात पीक बुडाले. लोक सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा दुसरा, आणखी मोठा दुष्काळ पडला. वैनगंगेच्या खोऱ्यातला शेतकरी भातावर जगणारा. पाऊस एका पंधरवड्याने चुकला तरी त्याचे वर्ष जाते. १९०१ च्या शिरगणतीत बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या ३,२६,५२१ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी. या वर्षांत सरकारने दुष्काळी कामे काढली आणि जबलपूर–गोंदिया मार्गाचे मातीकाम त्यांपैकी एक. दुष्काळी कामाची रीत ठरलेली असे. पुरुषाने खोदायचे, बाईने पाटी वाहायची, दिवसाचा मातीचा ठोका मोजून द्यायचा. मजुरी पैशांत मिळे, पण तिचा दर धान्याच्या भावावर बांधलेला; माणूस जगेल आणि काम करील एवढेच त्यातून यावे, असा तो हिशेब. सातपुड्यातल्या या भरावाची माती अशा हातांनी डोक्यावरून वाहिलेली आहे. छोट्या लाइनच्या आठवणी काढताना आपण इंजिनांचे वर्ग आणि गाड्यांची नावे सांगतो. त्या बांधावर पाट्या वाहणाऱ्या बायकांची आठवण ठेवणारा साधा दगडही कुठल्या स्टेशनावर नाही. तो असायला हवा.

१९०३ ते १९०५ या काळात टप्प्याटप्प्याने मार्ग खुला झाला. गोंदियाहून नैनपूर, तिथून एक फाटा पश्चिमेला सिवनी-छिंदवाड्याकडे आणि मुख्य वाट ग्वारीघाटापाशी नर्मदा ओलांडून जबलपूरला. बालाघाट जिल्ह्याच्या वाट्याला सुरुवातीला सहा स्टेशने आली. मग पालवी फुटत गेली. बालाघाटहून वारासिवनी-कटंगी, नैनपूरहून मंडला फोर्ट, छिंदवाड्याहून घाट उतरून सौंसर, सावनेर करत नागपूर-इतवारी, नागपूरहून नागभीड, गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा. सगळे मिळून हजार किलोमीटरच्या घरातले हे अडीच फुटी जाळे. नैनपूर त्याच्या मध्यावर. चार दिशांना जाणाऱ्या छोट्या गाड्या तिथे एकमेकींची वाट पाहत उभ्या असत. रेल्वेच नसती तर ते जंक्शन, तो लोको शेड, ती कॉलनी, यांतले काहीच उभे राहिले नसते.

प्रवासी गाड्यांचे कौतुक खूप झाले आहे, पण लाइन जगली ती मालावर. बालाघाटजवळच्या भरवेलीला मँगनीज सापडले आणि लाइन बांधून होते न होते तोच त्याला जगाच्या बाजारात भाव आला. पोलाद करताना मँगनीज लागतेच, आणि तोवर त्याचा मोठा पुरवठा रशियाच्या कॉकेशसमधून होई. १९०५ च्या रशियन उलथापालथीत तो खुंटला आणि मध्य प्रांतातल्या खाणींकडे गिऱ्हाईक धावले. भूगर्भ खात्याच्या ली फर्मरने १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर जो जाडजूड ग्रंथ काढला, त्यात नागपूर, भंडारा, छिंदवाडा, बालाघाट हा पट्टा ठळक आहे. भरवेलीची खाण आज भारत सरकारच्या मॉइल कंपनीकडे आहे आणि आशियातल्या सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींत ती गणली जाते.

छोट्या लाइनची खरी दुखरी जागा गोंदियाला होती. इथे अडीच फुटी रूळ संपत आणि साडेपाच फुटी सुरू होत. डबा पुढे जाऊ शकत नसे, म्हणजे आतला प्रत्येक दाणा, प्रत्येक ओंडका, प्रत्येक ढेकूळ छोट्या वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत भरावे लागे. मँगनीजचा दगड आकाराने लहान आणि वजनाला जड. घमेले अर्धे भरले तरी मान वाकते. बांधताना वाचवलेला पैसा अशा रीतीने वर्षानुवर्षे हमालांच्या डोक्यावरून परत वसूल होत राहिला. पुढे याच खनिजाला समुद्र जवळ करून देण्यासाठी रायपूर–विजयनगरम मार्ग १९३१ मध्ये पुरा झाला आणि १९३३ मध्ये विशाखापट्टणमचे बंदर सुरू झाले. त्या बंदराच्या पोटात बालाघाटचा दगड आहे, हे मला नेहमी सांगावेसे वाटते.

लाकूड, बांबू, लाख, मोह, चारोळी, भात हे सगळे याच वाटेने उतरले. आणि तेंदूपत्ता. विडी उद्योगाच्या इतिहासात असे सांगतात, की १८९९ च्या दुष्काळात गुजरात सोडून आलेले मोहनलाल आणि हरगोविंददास पटेल रेल्वेच्या ठेक्याच्या कामासाठी गोंदियाच्या बाजूला आले. तिथे त्यांनी तेंदूच्या पानात तंबाखू वळलेली पाहिली आणि पुढे जबलपूरला कारखानदारी उभी केली. गोंदिया-भंडारा-बालाघाटच्या किती घरांत बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या, आणि त्या पानाचे पुडे किती वर्षे छोट्या गाडीने गेले! एका दुष्काळाने भराव घातला आणि त्याच दुष्काळाने या भागाला पुढच्या शतकाचा धंदा दिला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. तोवर गोंदिया आणि बालाघाट एकाच प्रांतात होते, नागपूर दोघांचीही राजधानी. त्या दिवसानंतर बाघ नदीच्या आसपास राज्याची सीमा आली. रुळांनी ती मानली नाही. बालाघाट, नैनपूर, छिंदवाडा ही स्टेशने नागपूर विभागातच राहिली. पूर्वी दक्षिण पूर्व रेल्वेखाली आणि २००३ पासून दक्षिण पूर्व मध्य रेल्वेखाली, पण कारभार नागपूरहून. जुना मध्य प्रांत आज कुठे पाहायचा असेल, तर तो रेल्वेच्या विभागीय नकाशावर पाहावा. वारासिवनी, कटंगी, लांजीकडे मराठी, पोवारी आणि हिंदी एकाच अंगणात बोलल्या जातात. दवाखाना, कॉलेज, लग्नाचा बस्ता, सोयरीक यांसाठी माणसे गोंदिया-नागपूर गाठतात. भाषावार नकाशाने जे तोडले ते जोडून ठेवण्याचे काम इथे छोट्या गाडीने केले.

तिचा रोजचा व्यवहार कसा चाले, त्यातले एकच दृश्य सांगतो. मार्ग एकेरी. दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी असावी, म्हणून ड्रायव्हरकडे त्या टप्प्याचे टोकन लागे. स्टेशनमास्तरच्या खोलीतल्या लोखंडी यंत्रातून एक गोळा बाहेर पडे. पुढच्या स्टेशनाने तारेवरून संमती दिल्याशिवाय तो पडतच नसे. तो चामड्याच्या पिशवीत घालायचा, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली. गाडी न थांबता जाणार असेल तर फलाटाच्या कडेला माणूस कडे उंच धरून उभा राही. इंजिनातला फायरमन हात बाहेर काढून ते कोपरात अडकवून घेई आणि त्याच क्षणी मागच्या टप्प्याचे कडे फलाटावर टाकी. गोळा हातात नसेल तर पुढे एक हातही जायचे नाही. जंगलातल्या एकट्या स्टेशनावर मध्यरात्रीही ही देवघेव चुकली नाही. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची सी.सी. वर्गाची वाफेची इंजिने असोत की नंतरची झेडडीएम डिझेल, शिस्त तीच.

नागपूर–छिंदवाडा फाट्यावरचा घाट हा या जाळ्यातला सर्वांत नेत्रसुखद टप्पा. पावसाळ्यात कुकडीखापाचा धबधबा आणि उमरानाल्याकडे चढत जाणारी वळणे पाहायला लोक मुद्दाम नागपूरहून गाडी धरत. बालाघाट–नैनपूर टप्प्याचे रूप वेगळे आहे. तिथे दऱ्या फार खोल नाहीत, पण समनापूर सोडले की दोन्ही बाजूंनी रान लागते आणि चरेगाव, लामता, नगरवाडा अशी स्टेशने एकामागून एक येतात. हे रान कान्हा आणि पेंच या दोन व्याघ्रक्षेत्रांना जोडणारा पट्टा आहे. वाघ, रानगवे या वाटेने एकीकडून दुसरीकडे जातात.

१९९२ मध्ये देशभर एकच गेज करण्याचे धोरण आले आणि १९९६-९७ मध्ये जबलपूर–गोंदिया मार्गाच्या रूपांतराला मंजुरी मिळाली. गोंदिया–बालाघाट टप्पा २००५-०६ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. मग दहा वर्षे बालाघाट स्टेशनाची स्थिती पूर्वीच्या गोंदियासारखी झाली. एका फलाटावर मोठी गाडी, दुसऱ्यावर जबलपूरची सातपुडा एक्स्प्रेस, आणि मध्ये गाठोडी, पोरे, सीताफळांच्या टोपल्या घेऊन धावणारी माणसे. बालाघाट–नैनपूर टप्पा वनखात्याच्या परवानग्यांत बराच काळ अडून राहिला. त्या विलंबाबद्दल लोक चिडले आणि ते समजण्यासारखे आहे. पण प्रश्न खरा होता. अडीच फुटी रुळांवरची सावकाश गाडी रानगव्याला रस्ता ओलांडू देई. शंभरच्या वेगाची गाडी देणार नाही. भुयारी वाटा ठेवणे, वेग आवरणे यांचा आग्रह धरणारे लोक विकासाचे शत्रू नव्हते.

२०१५ च्या अखेरीस जबलपूर, नैनपूर, मंडला, छिंदवाडा, इतवारी या सर्व वाटांवरच्या छोट्या गाड्या काही आठवड्यांच्या अंतराने बंद झाल्या. उरली ती नागपूर–नागभीड. तीही नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. जबलपूर–गोंदिया सलग ब्रॉडगेज व्हायला २०२० उजाडले, सिवनीमार्गे छिंदवाडा–नैनपूर व्हायला २०२३.

रूपांतर व्हायलाच हवे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इटारसी आणि नागपूरचा वळसा घेऊन जबलपूरहून बल्लारशाहला जाणे आणि गोंदिया-चांदाफोर्टमार्गे जाणे यांत पावणेतीनशे किलोमीटरचा फरक पडतो. कटंगी आणि तिरोडी यांच्यामध्ये शंभर वर्षे राहिलेली पंधरा किलोमीटरची फटही बुजली आहे. आजारी माणसाला नागपूरला न्यायचे तर हे किलोमीटर फार मोलाचे. माझी तक्रार इतकीच, की हजार किलोमीटरमधले पंचवीस-तीस किलोमीटरही ठेवले नाहीत. गुजरातेतल्या काही नॅरोगेज वाटा वारसा म्हणून जपायचे रेल्वेने ठरवले. सातपुड्यात कुकडीखापाच्या घाटाला ते भाग्य मिळाले नाही. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय आहे, नैनपूरलाही आहे, आणि ती दोन्ही पाहावीत. पण ४४ मीटरचे वळण उभ्या इंजिनाकडे पाहून समजत नाही.

आता या मार्गावर विजेच्या तारा आहेत. जबलपूर–चांदाफोर्टसारखी जलद गाडी सातपुडा काही तासांत ओलांडते. अजून लांब पल्ल्याच्या गाड्या इकडे वळतील, मालगाड्या वाढतील आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न निघेल तो लहान स्टेशनांच्या थांब्यांचा. पूर्वी छोटी गाडी सगळीकडे थांबे, कारण तिला घाई करताच येत नव्हती. त्या थांब्यांवर रानातल्या गावांनी आपला बाजार, शाळा आणि दवाखाना बसवला. डोंगरातून जाणाऱ्या रेल्वेचे मोल ठरवताना मी खिडकीतल्या देखाव्याआधी वेळापत्रक उघडतो. चरेगाव, लामता, नगरवाडा या नावांपुढे सकाळची एक आणि संध्याकाळची एक वेळ छापलेली आहे का, ते पाहतो.